माजी पोलिसाने केलेल्या खुनांवर लिहायचे असेल तर : पार्डो खटल्याच्या आधारे एक रीत

माजी पोलीस, हातात बंदूक आणि तोंडी एकच वाक्य : मी समाजातली घाण साफ करत होतो. अशा माणसावर लेख लिहायला किंवा पॉडकास्ट करायला घेतले की पहिल्याच मसुद्यात एक घोटाळा होतो. खुन्याने स्वतःबद्दल जे सांगितले, तेच लेखाचे कथानक होऊन बसते. पुढची सगळी रीत हा घोटाळा टाळण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातला मॅन्युएल पार्डो याचा खटला घेतला आहे. त्यात पोलीस खात्यातल्या नोकरीची नोंद आहे, न्यायालयात शपथेवर दिलेली कबुली आहे, आणि चोवीस वर्षांनी त्याच कबुलीचा एक भाग नाकारणारे निवेदनही आहे. सरावासाठी याहून सोयीचे प्रकरण सहसा सापडत नाही.

प्रकरण थोडक्यात असे. पार्डोचा जन्म १९५६ चा. आधी सैनिकी सेवा, मग फ्लोरिडा हायवे पेट्रोल (राज्याचे महामार्ग पोलीस दल), मग मायामीलगतच्या स्वीटवॉटर या छोट्या शहराचे पोलीस दल. १९८५ साली तिथून त्याला काढले. १९८६ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात त्याने नऊ जणांचे खून केले, सहा पुरुष आणि तीन स्त्रिया. सोबत एक साथीदार होता. मे महिन्यात अटक झाली, १९८८ मध्ये नऊही खुनांत दोषी ठरून मृत्युदंड झाला, आणि ११ डिसेंबर २०१२ रोजी तो अमलात आला.

हा परिच्छेद शंभर शब्दांच्या आत बसतो. तुमच्या प्रकरणाचाही असाच परिच्छेद सर्वांत आधी लिहून काढा. त्यात एकही भडक विशेषण येऊ देऊ नका. "थरकाप उडवणारा", "निर्दयी", "डोके चक्रावणारा" यांपैकी एखादा शब्द आपोआप आलाच, तर तिथली माहिती अजून पुरती गोळा झालेली नाही असे समजावे.

कागद कोणत्या क्रमाने वाचायचे

बहुतेकजण व्हिडिओपासून सुरुवात करतात आणि निकालपत्राकडे शेवटी जातात, किंवा जातच नाहीत. क्रम उलटा हवा. आधी अपिलाचा निकाल, मग त्या वेळची वर्तमानपत्रे, मग मृत्युदंडाच्या सुमाराच्या बातम्या, आणि सर्वांत शेवटी व्हिडिओ, मालिका, कार्यक्रम. अपिलाच्या निकालाच्या सुरुवातीला वस्तुस्थितीचा गोषवारा असतो आणि तो दोन्ही बाजू ऐकून लिहिलेला असतो. हा भाग सहसा थोड्याच पानांचा असतो. एक तास लागतो, आणि पुढचे आठ दिवस वाचतात.

पार्डोच्या अपिलाचा निकाल फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. तो अमेरिकी पद्धतीने "पार्डो विरुद्ध स्टेट, ५६३ साउदर्न रिपोर्टर, दुसरी मालिका, ७७" असा नोंदवलेला आहे. ही नोंद वाचायला शिकून घ्या. नावानंतरचा पहिला आकडा हा ग्रंथाचा खंड, मधले नाव ग्रंथमालेचे, शेवटचा आकडा निकाल जिथे सुरू होतो ते पान. इथे "स्टेट" म्हणजे फ्लोरिडा राज्य, अमेरिका सरकार नव्हे. खुनाचा खटला तिकडे साधारणपणे राज्याच्या न्यायालयात चालतो, म्हणून वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर हा निकाल शोधत बसलात तर काही मिळणार नाही.

शोधताना आणखी एक अडचण येते. आज जिला मायामी-डेड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) म्हणतात, तिचे नाव १९९७ पर्यंत नुसते डेड काउंटी होते. १९८६ ते १९८८ चे कागद नव्या नावाने शोधले तर निम्मे हाती लागत नाहीत. आपल्याकडेही औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद-धाराशिव यांच्या जुन्या नोंदी शोधताना हेच होते. दोन्ही नावे टाकून शोधायची सवय लावावी, आणि लेखात त्या काळचे नाव एकदा तरी द्यावे.

घटनांचा तक्ता

वहीचे आडवे पान घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. स्तंभ सहा : तारीख, मृतांची संख्या, खुन्याचे सांगणे, सरकार पक्षाची मांडणी, भौतिक पुरावा, आणि ही माहिती कुठून घेतली. प्रत्येक घटनेला एक ओळ. पार्डोच्या तक्त्यात पाच ओळी येतात : २२ जानेवारी १९८६, दोन; २८ जानेवारी, एक; २७ फेब्रुवारी, दोन; २२ एप्रिल, दोन; २३ एप्रिल, दोन. बेरीज नऊ.

हा तक्ता केला नाही तर "नऊ ड्रग्ज विक्रेत्यांना ठार मारले" असे वाक्य सहज लिहून जाते. तक्ता समोर असला की तेच वाक्य लिहिताना हात थबकतो. २८ जानेवारीच्या ओळीत, तो माणूस पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून मारला गेला, असे सरकार पक्षाचे म्हणणे. २२ एप्रिलच्या ओळीत दोन स्त्रिया. त्यांच्याशी वाद झाला तो चोरीच्या क्रेडिट कार्डावर व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेटचे यंत्र) घेण्यासारख्या किरकोळ व्यवहारावरून. २३ एप्रिलला मारली गेलेली स्त्री एका पुरुषासोबत होती. पाच ओळींपैकी किती ओळी "समाज साफ करण्या"त बसतात, हे वाचकाला सांगण्याआधी स्वतः बोटे मोजून पाहावे.

दिवस मोजतानाही घोळ होतो. बातम्यांत "९२ दिवसांत नऊ खून" असे येते. २२ जानेवारी ते २३ एप्रिल हे अंतर मोजले तर ९१ येते. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरले तर ९२. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच लेखात एकदा ९१ आणि एकदा ९२ आले की जाणकार वाचकाचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. एक पद्धत ठरवा आणि ती शेवटपर्यंत पाळा. "तीन महिने" म्हणणे सर्वांत निर्धोक.

त्याचा दावा तो दावाच

मराठी वाचकाच्या कानात "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद लहानपणापासून असते. चौकीच्या पाटीवर, गाडीच्या दारावर ते वाचलेले असते. म्हणून "माजी पोलिसाने खलांचा निग्रह केला" अशी गोष्ट आपल्याकडे पटकन पचनी पडते, त्यातून चित्रपटांनी तयार केलेला साचा हाताशी असतोच. लिहिणाऱ्याने ही ओढ स्वतःच्या मनात ओळखली पाहिजे, कारण वाचकाच्या मनात ती आहेच.

रीत सोपी आहे. खुन्याचे प्रत्येक विधान लिहिताना तीन गोष्टी जोडायच्या : ते कधी केले, कुठे केले, आणि तेव्हा त्याला त्यातून काय मिळणार होते.

पार्डोच्या वकिलांनी वेडाचा बचाव घेतला होता. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी त्याला बरे-वाईट कळत नव्हते, असे दाखवायचे होते. वकिलांचा सल्ला न मानता पार्डो स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. नऊही खून आपणच केले, मेलेले सगळे ड्रग्जचा धंदा करणारे होते आणि त्यांना जगण्याचा हक्क नव्हता, असे त्याने सांगितले. आपण सैनिक आहोत, मोहीम पार पाडली, आता मानाचे मरण द्या, असे ज्युरीला विनवले. हे झाले १९८८ चे विधान, शपथेवरचे, आणि वेडाच्या बचावाला स्वतःच सुरुंग लावणारे.

दुसरे विधान २०१२ चे, मृत्युदंडाच्या दिवशीचे. त्यात त्याने लिहिले की तिन्ही स्त्रियांना आपण मारलेले नाही. सहा मृत्युदंड काय आणि नऊ काय, मरण अटळच होते, म्हणून तेव्हा दोष अंगावर घेतला. आपली लढाई फक्त ड्रग्ज विकणाऱ्या पुरुषांशी होती, असाही त्याचा आग्रह होता.

लेखात काय लिहाल? "त्याने तीन स्त्रियांना मारले नव्हते" हे चूक. "मरतानाही तो खोटे बोलला" हेही सिद्ध न झालेले. योग्य वाक्य असे : १९८८ मध्ये शपथेवर त्याने नऊही खून कबूल केले होते, न्यायालयाने नऊही खुनांत त्याला दोषी ठरवले, आणि २०१२ च्या शेवटच्या निवेदनात त्याने त्यातले तीन नाकारले. एवढे लिहून थांबा. पण एक गोष्ट वाचकाच्या नजरेस जरूर आणा. नाकारलेले तीन खून म्हणजे "समाज साफ करणाऱ्या सैनिका"च्या चित्रात न बसणारे तीन खून. हे निरीक्षण आहे, आरोप नाही, आणि ते मांडण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे.

दाव्याच्या समोर ठेवायचा पुरावा पुस्तकी नसावा, हाताला लागणारा असावा. इथे तो भरपूर आहे. मृतांची क्रेडिट कार्डे वापरली गेली, आणि त्याच व्यवहारांवरून तपास पार्डोपर्यंत आला. त्याने मृतांचे फोटो काढले होते. डायरीत खुनांचे तपशील होते, सोबत वर्तमानपत्रांची कात्रणे. शेवटच्या घटनेत त्याच्या स्वतःच्याच पायाला गोळी लागली होती. ती काढून घ्यायला तो थेट न्यूयॉर्कच्या रुग्णालयात गेला, आणि ती गोळी पुढे पुराव्यात आली. समाजासाठी लढणारा माणूस मेलेल्याच्या कार्डावर खरेदी का करतो, हा प्रश्न सरकार पक्षाने मांडला त्याच सुरात, एका वाक्यात मांडावा. पानभर उपदेश करू नये.

नोकरीचा इतिहास हा लेखाचा कणा

मराठी लेखांत हा भाग सर्वांत पातळ असतो. "तो एक हुशार पोलीस अधिकारी होता, पण..." एवढ्यावर आटोपतात. प्रत्यक्षात माजी पोलिसाच्या प्रकरणात सर्वाधिक शिकण्यासारखे इथेच असते, म्हणून लेखाचा किमान चौथा भाग यासाठी राखावा.

पार्डोची नोंद सालवार मांडून पाहा. अकादमीत तो वर्गात पहिला. १९७९ मध्ये हायवे पेट्रोलची नोकरी गेली, कारण वाहतूक दंडाच्या खोट्या पावत्या. लगेच स्वीटवॉटरने नोकरी दिली. १९८१ मध्ये मारहाणीच्या आरोपांत गोवलेल्या तिथल्या चार पोलिसांत तो एक. ती प्रकरणे पुढे रद्द झाली. १९८५ मध्ये ड्रग्ज तस्करीचा आरोप असलेल्या एका सहकाऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला तो बहामाला गेला आणि आम्ही आंतरराष्ट्रीय गुप्त मोहिमेवरचे पोलीस आहोत, असे तिथल्या न्यायालयात खोटे सांगितले. त्यावरून नोकरी गेली. एका वर्षाने खून सुरू झाले.

ही यादी नीट वाचली की "चांगला पोलीस व्यवस्थेला कंटाळून बिघडला" हे कथानक टिकत नाही. ड्रग्जवाल्यांचा कट्टर शत्रू म्हणवणारा माणूस वर्षभरापूर्वी ड्रग्ज तस्करीच्या आरोपीला वाचवण्यासाठी शपथेवर खोटे बोलला होता. लेखात हे वाक्य त्याच्या "सैनिक" म्हणवून घेण्याच्या अगदी शेजारी यायला हवे. चार परिच्छेद दूर गेले तर वाचक ते जोडत नाही.

१९८१ च्या आरोपांबाबत मात्र हात आखडता घ्या. प्रकरणे रद्द झाली म्हणजे तो त्यात दोषी ठरलेला नाही. "मारहाण करणारा पोलीस" असे लिहिणे चूक, "मारहाणीचे आरोप झाले, पुढे रद्द झाले" हे बरोबर. खुन्यालाही हा न्याय द्यावाच लागतो. तो दिला नाही तर आपण त्याच्याच पद्धतीने निवाडा करू लागतो.

एका ठिकाणी काढलेला माणूस दुसरीकडे कसा लागला, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागते. महाराष्ट्रात पोलीस दल राज्याचे आहे. अमेरिकेत जवळपास प्रत्येक शहराचे, काउंटीचे, राज्याचे वेगळे दल असते आणि भरती ज्याची तो करतो. स्वीटवॉटर हे असेच स्वतःचे दल असलेले छोटे शहर. हे दोन वाक्यांत सांगितले नाही तर वाचक मनात आपल्याच पोलीस भरतीची कल्पना करतो आणि सगळी साखळी त्याला अशक्य वाटते.

मराठीत नेमके कुठे घसरते

पहिला शब्द "अधिकारी". अमेरिकी बातम्यांतला पोलीस "ऑफिसर" म्हणजे बहुधा साधा गस्तीवरचा पोलीस. मराठीत "पोलीस अधिकारी" म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे खांद्यावर तारे असलेला उपनिरीक्षक किंवा त्यावरचा माणूस येतो. हुद्दा ठाऊक नसेल तर "पोलीस कर्मचारी" किंवा नुसते "पोलीस" लिहा.

दुसरा "बडतर्फ". आपल्या सेवानियमांत बडतर्फी आणि सेवेतून काढून टाकणे या वेगळ्या शिक्षा आहेत, बडतर्फ झालेल्याला पुन्हा सरकारी नोकरीची दारे सहसा बंद होतात. परदेशी प्रकरणात "नोकरीवरून काढले" एवढेच लिहावे.

तिसरा, आणि सर्वांत जास्त दिसणारा : "फाशी". पार्डोला फाशी झाली नाही. त्याला विषारी इंजेक्शनने मृत्युदंड देण्यात आला. त्याला शिक्षा झाली त्या १९८८ साली फ्लोरिडात विजेची खुर्ची होती, इंजेक्शन २००० साली आले. म्हणून "फाशी सुनावली" हे दुप्पट चूक ठरते. "मृत्युदंड ठोठावला" आणि "मृत्युदंड अमलात आला" ही जोडी वापरली की प्रश्नच मिटतो.

चौथा "सदोष मनुष्यवध". फर्स्ट डिग्री मर्डर म्हणजे सदोष मनुष्यवध असे बरेचजण लिहितात. आपल्या कायद्यात सदोष मनुष्यवध हा खुनाहून वेगळा, कमी गंभीर गुन्हा होऊ शकतो. "पूर्वनियोजित खून" लिहा. भारताशी तुलना करायची असेल तर कोणता कायदा लागू होता ते तारखेवरून ठरवा : १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता, खुनाला कलम ३०२, त्यानंतरच्याला भारतीय न्याय संहिता, कलम १०३. वेडाच्या बचावाचे कलम आधी ८४ होते, आता २२.

ज्युरीचेही नीट सांगा. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही, त्यामुळे वाचकाला ती चित्रपटातून ठाऊक. फ्लोरिडात तेव्हा दोषी ठरवायला बाराही जणांचे एकमत लागे, पण मृत्युदंडाची शिफारस बहुमताने चाले आणि अंतिम शिक्षा न्यायाधीश ठरवत. ही पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरवली. नंतर नियम आणखी बदलले. आजचे नियम १९८८ च्या खटल्याला चिकटवू नका.

"व्हिजिलांटे" या शब्दासाठी मराठीत "स्वयंघोषित न्यायदाता" ठीक बसतो, पण तो शीर्षकात पदवीसारखा वापरू नये. "स्वतःला न्यायदाता म्हणवणारा" असे क्रियापदासह लिहिले की दावा दाव्याच्याच जागी राहतो. "सिरियल किलर" आता मराठीत रुळला आहे, तोच ठेवा. अमेरिकेच्या एफबीआयने २००५ च्या परिसंवादात ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे एकाच गुन्हेगाराने वेगवेगळ्या घटनांत दोन किंवा अधिक जणांचा बेकायदा जीव घेणे म्हणजे सिरियल मर्डर. पार्डोच्या पाच वेगळ्या घटना त्यात बसतात. एकाच वेळी नऊ मारले असते तर शब्द बदलला असता.

दुसरे प्रकरण शेजारी ठेवून पाहणे

तुलनेसाठी एकच प्रकरण घ्या, तीन-चार घेतलीत की लेख यादीसारखा होतो. पार्डोशेजारी ठेवण्यासारखे प्रकरण रशियातले : सायबेरियातल्या इर्कुत्स्क प्रांतातल्या अंगार्स्कचा मिखाईल पोपकोव. तोही पोलीस, तोही स्वतःला "सफाई करणारा" म्हणवणारा. त्याच्या मते वाईट चालीच्या स्त्रियांना तो शिक्षा देत होता. २०१५ मध्ये २२ खुनांत आणि डिसेंबर २०१८ मध्ये आणखी ५६ खुनांत तो दोषी ठरला.

इथे "माजी" हा शब्द तपासून वापरावा लागतो. पार्डो पहिला खून करण्याच्या वर्षभर आधी पोलीस नव्हता, म्हणून तो सर्वार्थाने माजी. पोपकोवचे खून १९९२ पासूनचे आणि त्याने नोकरी सोडली १९९८ मध्ये, म्हणजे सुरुवातीची सहा वर्षे तो सेवेतच होता. रात्री घरी निघालेल्या स्त्रिया पोलीस म्हणून विश्वास ठेवून त्याच्या गाडीत बसल्या. "माजी पोलीस" लिहिले की हा सगळा भाग झाकला जातो. शिवाय त्या काळात रशियात पोलीस दलाचे नाव "मिलित्सिया" होते, "पोलित्सिया" हे नाव २०११ पासूनचे. जुने कागद शोधताना तेच नाव टाकावे.

त्याच्या "सफाई"चा दावाही नोंदीपुढे टिकत नाही. मृतांमध्ये कामावरून परतणाऱ्या स्त्रिया होत्या, एक पुरुष पोलीसही होता. आणि तो सापडला २०१२ मध्ये, ३,५०० आजी-माजी पोलिसांचे डीएनए नमुने तपासल्यावर. इतकी वर्षे तपास खात्याबाहेर का फिरत राहिला, हा प्रश्न या प्रकरणात लिहिण्यासारखा आहे. खुन्याच्या मनोविश्लेषणावर जितके शब्द घालाल, त्यापेक्षा जास्त शब्द यावर घाला.

मेलेल्यांबद्दल

"ते ड्रग्जवाले होते" असे वाक्य लेखात आले की मृत माणूस त्या एका शब्दात संपतो. पार्डोने नेमके तेच केले होते. प्रत्येक मृताबद्दल किमान एक गोष्ट अशी शोधा जी खुन्याने सांगितलेली नाही : वय, काम, कुटुंबातले नाते, निकालपत्रातला एखादा तपशील. सापडली नाही तर "मृत" एवढेच लिहा, पण खुन्याचे विशेषण उसने घेऊ नका. मृतांपैकी कुणी खरोखर ड्रग्जचा व्यवहार करत असल्याचे नोंदीत असेल तर तेही लिहा, लपवू नका. त्याने खुनाचे गांभीर्य घटत नाही आणि लेखाची विश्वासार्हता वाढते.

खुन्याने काढलेले फोटो छापू नका, त्यांचे वर्णनही करू नका. शस्त्रांचे, आवाज दाबण्याच्या साधनांचे, खुनाच्या पद्धतीचे तपशील निकालपत्रात असतात. लेखाला ते लागत नाहीत. खून झाला, कुठे झाला, पुरावा काय, एवढे पुरते.

तेच काम आपल्याकडच्या प्रकरणावर

भारतातल्या एखाद्या पोलिसावरच्या खटल्याला हीच रीत लावायची तर कागद मिळवण्याची वाट वेगळी. जिल्हा न्यायालयांचे आदेश आणि निकाल ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर, मुंबई उच्च न्यायालयाचे त्याच्या संकेतस्थळावर. प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष हाती असेल तर पाच मिनिटांचे काम, नुसत्या नावाने शोधलेत तर अर्धा दिवस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, पण लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारख्या संवेदनशील प्रकरणांना त्यातून सूट आहे.

साक्षी, उलटतपासणी, पंचनामे हवे असतील तर न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. खटल्याशी संबंध नसलेल्या माणसाला कारण पटवून द्यावे लागते. हे कागद माहिती अधिकारात मागण्याची चूक अनेकजण करतात. न्यायालयीन नोंदींसाठी उच्च न्यायालयाच्या नियमांचीच वाट धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. माहिती अधिकार उपयोगी पडतो तो पोलीस खात्याकडून प्रशासकीय माहिती घ्यायला, उदाहरणार्थ एखाद्या विभागात किती जणांवर खातेनिहाय चौकशी झाली. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दोन विषय एका अर्जात घातले तर फक्त पहिल्याचेच उत्तर मिळू शकते.

प्रकरणात बलात्कार असेल तर पीडितेची ओळख पटेल असे काहीही छापणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि पीडिता हयात नसली तरी हा नियम सुटत नाही. नाव गाळून गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला तर ओळख पटतेच. निकाल लागलेला नसेल तर "आरोपी" हा शब्द शेवटच्या ओळीपर्यंत टिकला पाहिजे. शीर्षकात "आरोपी" आणि मजकुरात "खुनी" असे छापून येते, ते तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेले असते.

छपाईआधीचे शेवटचे वाचन

मसुदा एक दिवस बाजूला ठेवा. मग दोन रंगांची पेन्सिल घ्या. खुन्याच्या तोंडून आलेल्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ, कागदातून आलेल्या वाक्याखाली निळी. लाल निळ्यापेक्षा जास्त झाली तर लेख अजून त्याचाच आहे. पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात लाल रेघ आली तरी तो भाग पुन्हा लिहा, कारण वाचकाच्या लक्षात राहतात ते हेच दोन परिच्छेद.

पॉडकास्ट असेल तर संहिता मोठ्याने वाचा. मराठीत मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द धरले तर २५ मिनिटांना तीन हजारांच्या आत-बाहेर शब्द लागतात. खुन्याची विधाने नाट्यमय आवाजात वाचू नका, बाकीच्या मजकुराच्याच सुरात वाचा. आवाज खाली नेऊन, मागे संगीत लावून वाचलेला दावा ऐकणाऱ्याला पटतो, मग आधीची सगळी उलटतपासणी वाया जाते.

तक्ता फेकून देऊ नका. लेख प्रसिद्ध झाल्यावर कुणी चूक दाखवली तर सहाव्या स्तंभात तुमचा आधार असतो. चूक खरी निघाली तर मूळ वाक्य गुपचूप न बदलता लेखाच्या शेवटी तारखेसह दुरुस्ती लिहा : आधी काय छापले होते, आता काय आहे, आणि कोणत्या कागदावरून बदलले.